राखीव डब्यातल्या एकोणतीस अळ्या

ढालकिड्याची अळी मेली आहे की नुसती पडून आहे, हे ओळखायला मावशीला चष्मा लागत नसे. तीन केसांचा कुंचला पाण्यात बुडवायचा, अळीच्या पाठीला हलकेच टेकवायचा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळीही पाय हलला नाही तर अळी मेली असं धरायचं. हा नियम साऱ्या संशोधन केंद्राला पाठ होता, पण इतरांना तीनही स्पर्श लागत आणि मावशीला पहिलाच पुरे होई. "मावशींना अळीच्या मनातलं कळतं," असं केंद्राचं भांडार एकटे सांभाळणारे भांडारवाले म्हणत आणि लगेच पुढे जोडत, "माणसांच्या बाबतीत मात्र बोंब आहे." भांडारवाल्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पण त्यांचं कोणी मनावरही घेत नसे.

चोवीस वर्षं मावशी एकाच खोलीत काम करत होती. केंद्राच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या बोळाच्या टोकाला मित्रकीटक वाढवायची खोली. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर कुंड्यांत घेवड्याची रोपं आणि रोपांवर काळा मावा. मावा दिसला की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. इथे तो मुद्दाम पोसायचा, कारण ढालकिडा तोच खातो. ढालकिडा म्हणजे लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, पोरं तळहातावर चालवतात तो. त्याच्या अळीला मात्र कोणी तळहातावर घेत नाही. ती काळपट, काटेरी आणि महाखादाड. दोघींना एका डबीत ठेवलं तर संध्याकाळी एकच उरते, तीही फुगलेली. म्हणून प्रत्येकीला वेगळा खण. शंभर खणांचा पसरट ट्रे आणि वर सरकतं काचेचं झाकण.

हे ट्रे शेतकऱ्यांकडे जात आणि तिथला कायदा एकच होता, शंभर म्हणजे शंभर. रिकामा खण जाता कामा नये आणि मेलेली अळी तर मुळीच जाता कामा नये. त्यासाठी मावशीच्या डाव्या हाताला कायम एक राखीव डबा असे. ट्रेचं झाकण सरकवायचं, मेलेली दिसली की कुंचल्याने उचलून पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या घमेल्यात टाकायची, त्याच कुंचल्याने डाव्या डब्यातली जिवंत उचलून खणात सोडायची आणि पुढे जायचं. दोन श्वासांचं काम. चोवीस वर्षांत तिने हे किती वेळा केलं असेल, ते तिलाही सांगता आलं नसतं. हे करता करता ती गप्पा मारी, भांडे, संध्याकाळच्या भाजीचा विचार करी. हात आपले आपण बघून घेत.

तिची भाची याच केंद्रात शास्त्रज्ञ होती. मोठ्या बहिणीची ही मुलगी बारावीनंतर "दोन वर्षं राहते" म्हणून आली ती अकरा वर्षं झाली तरी मावशीकडेच होती. कॉलेज सुटलं की ती या खोलीत येऊन बसे, मावशीचा कुंचला मागे, आणि मावशी "मोडशील" म्हणत म्हणत देई. कीटकांचं वेड तिला तिथेच लागलं. पुढे ती भरपूर शिकली आणि वरच्या मजल्यावर चाचणी विभागात लागली. घरात "ए पोरी, तो ओला टॉवेल उचल आधी" म्हणून ओरडणारी मावशी केंद्राच्या फाटकातून आत शिरली की तिला "बाई" आणि "तुम्ही" म्हणे. भाचीला हसू येई, मावशीला येत नसे. "जगाच्या तोंडाला हात कोण लावणार," ती म्हणे. "उद्या म्हणतील, मावशी-भाचीचं घरचं राज्य आहे."

त्या वर्षी भाचीकडे पहिल्यांदाच एक अख्खी चाचणी एकटीच्या नावावर आली. मक्याचं नवं बियाणं होतं. खोडात शिरणाऱ्या किड्याला मारणारं विष मक्याने स्वतःच तयार करावं, असा बदल त्याच्या मुळातच, जनुकात केलेला. फवारणी वाचणार होती, आणि ती काही लहान गोष्ट नव्हती. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. हे विष तुऱ्यातून झडणाऱ्या परागातही उतरतं का? आणि उतरत असेल, तर मावा कमी पडला की पराग खाऊन जगणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्यांचं काय होतं? चाचणी साधी होती. एका ट्रेमधल्या शंभर अळ्यांना साध्या मक्याचा पराग, दुसऱ्यातल्या शंभरांना बदललेल्या मक्याचा, आठ दिवस. ट्रेवर फक्त 'क' आणि 'ख'. कुठल्या अक्षराला कुठला पराग हे मोठ्या साहेबांनी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून ठेवलेलं, म्हणजे मोजणाऱ्याचा डोळा कुठे झुकायला नको.

चाचणी विभागातल्या सहायकाने नेमकं तेव्हाच मनगट मोडून घेतलं. मोठे साहेब म्हणाले, "मावशींना बोलवा. तसा हात दुसऱ्या कोणाचा नाही." मावशी वर गेली. सकाळी एकटीने दोनशे खणांत चिमूट चिमूट पराग आणि कापसाचा मुगाएवढा ओला बोळा ठेवायचा, दुपारी बाईंच्या शेजारी बसून मेलेल्या मोजायच्या, बाईंनी वहीत लिहायच्या, मग काढून त्या खणावर फुली मारायची. पहिल्या दिवशी हाताळताना दोन अळ्या मेल्या. तेवढ्या बदलायला परवानगी होती, त्या राखीव डब्यातून बदलल्या आणि तशी नोंदही झाली. डबा त्याच दिवशी खोलीबाहेर न्यायचा असं कार्यपद्धतीत लिहिलेलं होतं. मावशीने विचारलंही, "हा खाली नेऊ का?" बाई पराग तोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "असू दे आज." तो डबा आठ दिवस तिथेच राहिला.

सोमवारी निकाल लागला. 'क' मध्ये मेलेल्या तीन, 'ख' मध्ये चार. साहेबांनी पाकीट फोडलं. बदललेला पराग होता 'ख' चा. फरक नाही, बियाणं निर्दोष. "शंभरात तीन!" साहेब म्हणाले. "इतका स्वच्छ आकडा माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही मी. हा मावशींचा हात." मावशी लाजून जमिनीकडे बघत राहिली. मावा खाऊन टुणटुणीत असलेल्या तिच्या स्वतःच्या ट्रेमध्येसुद्धा आठवड्यात शंभरातल्या सहा-सात जातातच, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिला शंका यायला हवी होती. पण कौतुक कानात शिरलं की शंकेला आत जागा उरत नाही. अहवाल शुक्रवारी जायचा होता, समिती पुढच्या सोमवारी बसणार होती, आणि समितीने मान डोलावली की पुढच्या हंगामात हे बियाणं गावोगावच्या शेतांत पडणार होतं.

मंगळवारी मावशी राखीव डबा घेऊन आपल्या खोलीत परतली आणि टेबलावर ठेवून तिने झाकण उघडलं. एकतीस खण रिकामे होते.

तिने पुन्हा मोजले. एकतीसच. दोन वहीत होत्या. मग एकोणतीस कुठे गेल्या? प्रत्येक खणाला वेगळं झाकण, एकमेकींना खायची सोय नाही. बाहेर निसटल्या म्हणाव्यात तर झाकणं बंद. तिचा पहिला संशय अर्थातच भांडारवाल्यांवर गेला, कारण या इमारतीत काहीही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावरच घ्यायची पद्धत होती.

"मी काय अळ्या खातो का?" भांडारवाले दारातूनच म्हणाले आणि आत येऊन स्टुलावर बसले. "वर माझी किल्लीसुद्धा चालत नाही. तुमच्या बाईंनाच विचारा."

"बाईंना कशाला विचारू? त्यांनी डब्याला हात लावलेला नाही," मावशी म्हणाली. समोर शेतकऱ्यांकडे जायचा ट्रे होता. बोलता बोलता तिने तो पुढे ओढला. "एकोणतीस म्हणजे काय गंमत आहे? एक-दोन असत्या तर मी बोलले नसते."

"कोणीतरी उचलल्या असतील."

"कोण उचलेल? सोन्याच्या आहेत? आणि उचलणारा माणूस डबा तरी..."

"बघा," भांडारवाले हसत म्हणाले, "माझ्याशी भांडताय आणि हात आपला चाललाय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही."

मावशीने खाली पाहिलं. बाविसाव्या खणात एक अळी नुकतीच सोडल्यासारखी अंग सावरत होती. पायाशी घमेल्यातल्या पाण्यावर एक मेलेली तरंगत होती. डाव्या डब्यातला एक खण, जो आत्ता भरलेला होता, रिकामा झाला होता. हे तिने केलं होतं आणि केल्याचं तिला माहीत नव्हतं.

भांडारवाले पुढेही काही बोलत होते, ते तिला ऐकू आलं नाही. वरच्या खोलीतलं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं. उजवीकडे दोन ट्रे, डावीकडे राखीव डबा, पायाशी पाण्याचं भांडं, अगदी इथल्यासारखं. आठ सकाळी. एकटीच. झाकण सरकवायचं, पराग टाकायचा, पुढे. मेलेली दिसली की...

दुपारी बाईंसोबत मोजताना ती सावध असे. पण रात्रीत मेलेल्या अळ्या दुपारपर्यंत ट्रेमध्ये उरतच नव्हत्या. सकाळी तिचे हात त्या काढून नव्या ठेवत होते. तो स्वच्छ आकडा खरंच तिच्या हाताचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कुठल्या ट्रेमधल्या?" हा एकच प्रश्न तिने स्वतःला त्या दुपारी शंभरदा विचारला. दोन्हींतल्या निम्म्या-निम्म्या असतील तर बियाणं निर्दोषच. सगळ्या 'ख' मधल्या असतील तर ते बियाणं शेतातले ढालकिडे मारणार, आणि मारत नाही असं लिहिलेल्या कागदावर तिच्या भाचीची सही असणार. तिने डोळे मिटून पाहिलं, हात तसेच हलवून पाहिले. काही आठवलं नाही. हातांनी केलेलं डोक्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी भाची खुशीत होती. तिने अहवालातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. "दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण अत्यल्प आढळले. कसं वाटतं?" मावशी म्हणाली, "छान आहे," आणि तोंडात मूग धरून भांडी विसळायला गेली. त्या क्षणी तिला स्वतःची शरम वाटली, आणि ती वाटणं बरोबरच होतं.

सकाळी मात्र भाची चप्पल घालत असताना ती दाराशी आडवी उभी राहिली. "थांब. बोलायचंय."

तिने सगळं सांगितलं. राखीव डबा, रिकामे खण, घमेलं. भाची ऐकता ऐकता खाली बसली, एका पायात चप्पल, एक पाय तसाच.

"किती?"

"एकोणतीस."

"कुठल्या ट्रेमधल्या?"

"माहीत नाही."

"मावशी, आठव ना!"

"काल दुपारपासून दुसरं काय करतेय मी?"

भाचीने चेहरा ओंजळीत धरला. "पण तो डबा तिथे कसा..." ती म्हणाली आणि थांबली. तो डबा तिथे कसा राहिला ते तिला आठवलं होतं. मावशीला तिच्या चेहऱ्यावरून ते कळलं, पण दोघींपैकी कोणीच ते बोललं नाही.

"अजून कोणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहा. फरक बहुतेक नसेलच."

"बहुतेक?"

"मावशी, तुला कळतंय का? लोक म्हणतील, दोघींनी घरी बसून आकडे केले. पहिली चाचणी आहे माझी. पुन्हा कोण देईल मला काम? नाव गेलं की संपलं."

"कळतंय, म्हणून तर आधी तुझ्याकडे आले." मावशी दारातून हलली नाही. "मागच्या प्लॉटात उशिरा पेरलेला दोन्ही प्रकारचा मका आहे. त्याचे तुरे शनिवारपर्यंत पराग देतील. आज साहेबांना सांगितलं तर सगळं पुन्हा करता येईल. नंतर तुरे वाळले की पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. दुपारपर्यंत तू जा. नाहीतर मी जाते."

"धमकी देतेस?"

"वेळ सांगतेय."

भाचीने दुसरी चप्पल घातली, मावशीला बाजूला सारलं आणि तिच्यासाठी न थांबता निघून गेली.

दुपारचा दीड वाजला. वरून कोणाचं बोलावणं आलं नाही. मावशीने हात धुतले, ओल्या हातांनीच केस सारखे केले आणि जिना चढू लागली. चोवीस वर्षांत ती मोठ्या साहेबांच्या खोलीत आपण होऊन कधी गेली नव्हती. दार उघडंच होतं. आत भाची बसली होती, आणि साहेबांच्या समोर टेबलावर बांधून तयार झालेला अहवाल होता.

"या मावशी!" साहेब हसून म्हणाले. "तुमचाच विषय चाललाय."

"साहेब, आकडा चुकलाय," मावशी दारातूनच म्हणाली. आत गेलो तर धीर जाईल, असं तिला वाटलं. "माझ्यामुळे चुकलाय."

तिने सगळं सांगितलं, घरी सांगितलं त्याच क्रमाने. साहेबांनी चष्मा काढला. त्यांचं हसू गेलं ते परत आलं नाही.

"काय बोलताय कळतंय का तुम्हाला? समितीला सोमवारची तारीख कळवून झालीय. आणि तुमच्या मित्रकीटक विभागाला हे बियाणं मनापासून नको आहे, हे सगळं केंद्र जाणतं. उद्या बियाणंवाले म्हणतील, निकाल मनासारखा आला नाही म्हणून मावशींनी ही गोष्ट रचली."

"नकोच आहे मला," मावशी म्हणाली. "पण मारतं की नाही ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही आता."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ते भाचीकडे वळले. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. मावशीने मनातल्या मनात तिला "नाही म्हण, पोरी" असं सांगितलंही. स्वतः खरं बोलायला आलेली मावशी पोरीसाठी खोटं मागत होती. माया अशीच असते, तिला तत्त्व वगैरे नसतं.

"आज सकाळपासून," भाची म्हणाली.

"आणि तरी अहवाल घेऊन आलात." साहेबांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि दोघींसमोरच लिहिला. देखरेखीत कसूर, माहिती दडवण्याचा प्रयत्न. खाली सही करून तो भाचीच्या फाईलला लावला. मावशीने हे मनातसुद्धा आणलं नव्हतं. शिक्षा आपल्याला होईल अशा तयारीने ती जिना चढली होती. तिला मात्र कोणी काही केलं नाही, कारण रागवायलासुद्धा माणूस तेवढ्या मोठ्या जागेवर असावा लागतो.

चाचणी पुन्हा करायचं ठरलं. समितीची तारीख पुढे ढकलली. गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवस दव सुकल्यावर तुऱ्यांवर कागदी पिशव्या झटकून पराग गोळा केला, गाळला, थंड कपाटात ठेवला. अक्षरं नवी, 'ग' आणि 'घ'. पाकीट साहेबांच्या कुलपात. राखीव डबा खोलीतच नाही. मेलेल्या शेवटपर्यंत खणातच ठेवायच्या. कुंचला बाईंच्या हातात, आणि मावशीने कशालाही हात लावायचा नाही. तिने समोर बसायचं, बाई सांगतील ते लिहायचं आणि बाईंची नजर चुकली तर तेवढं बोलायचं. साक्षीला भांडारवाले.

शनिवारी सुरुवात झाली आणि त्या दिवसापासून भाची घरी बोलेनाशी झाली. ताट घ्यायची, खायची, धुवून ठेवायची, आपल्या खोलीचं दार लावायची. केंद्रात रोज दोनशे खण. बाई कुंचला टेकवून म्हणत, "जिवंत." मावशी लिही. "जिवंत." मावशी लिही. "मेली." मावशी लिही. दोघींमध्ये एवढे दोनच शब्द उरले होते. भांडारवाल्यांनी पहिल्या दिवशी एक विनोद करून पाहिला. कोणी हसलं नाही, मग ते सात दिवस तोंड मिटून बसले आणि त्यांना ते फार जड गेलं.

मावशीचं सगळं अवघडच होतं. मेलेली अळी खणात तशीच पडलेली बघायची तिला सवय नव्हती. चोवीस वर्षांत तिने एकही मेलेली अळी दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ पाहिली नव्हती. आता त्या दिवसेंदिवस तिथेच होत्या, आक्रसत, काळ्या पडत. 'घ' च्या ट्रेमध्ये त्या वाढू लागल्या. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी अकरा. ती लिहिताना डावा हात मांडीखाली दाबून बसे.

सहाव्या दिवशी 'घ' च्या एक्केचाळिसाव्या खणाशी बाई थांबल्या. त्यांनी कुंचला टेकवला, एकदा, दोनदा, तीनदा. अळी हलली नाही. बाईंनी कुंचला पुन्हा पाण्यात बुडवला. दोन दिवस त्या अळीकडे त्या जरा जास्तच वेळ बघत होत्या. परागाकडे ती सगळ्यांत आधी धावायची, म्हणून मनात भरली असावी. कुंचला चौथ्यांदा खाली गेला.

"बाई," मावशी म्हणाली. "तीनदाच."

कुंचला हवेत राहिला. भांडारवाले खिडकीकडे बघू लागले. मावशीला त्या क्षणी आपलं तोंड शिवून टाकावंसं वाटलं. पण चौथा स्पर्श एकीला दिला की शंभरांना द्यावा लागतो, आणि पलीकडच्या शंभरांनाही.

"मेली," बाई म्हणाल्या. मावशीने लिहिलं.

आठव्या दिवशी बेरीज झाली. 'ग' मध्ये सात, 'घ' मध्ये सव्वीस. चौघेही साहेबांच्या खोलीत जमले. साहेबांनी कुलूप उघडलं, पाकीट सगळ्यांना दाखवून फोडलं आणि चिठ्ठी वाचली. 'घ', बदललेला.

चिठ्ठी एकेकाच्या हातून फिरली. मग साहेबांनी भांडारवाल्यांची सही घेऊन त्यांना पाठवून दिलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. "मावशी, बसा."

मावशी खुर्चीच्या कडेवर बसली.

"आता चित्र स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज दोन आठवड्यांपूर्वीसारखा मऊ झाला होता. "इथे सव्वीस गेल्या. पहिल्या वेळी बदललेल्या परागात चार मोजल्या होत्या, आणि तुमच्या एकोणतीस. त्या तिथल्याच असणार, दुसरं काय? एका चाचणीवर बियाणंवाले शंभर शंका काढतील. दोन चाचण्या एकच सांगताहेत म्हटलं की समितीला ऐकावं लागेल. तुम्ही एक ओळ लिहून द्या. काढलेल्या अळ्या 'ख' मधल्या होत्या." त्यांनी भाचीची फाईल उघडली आणि तो कागद बाहेर काढून टेबलावर ठेवला. "पहिली चाचणी धरता आली, तर कसूर राहतच नाही. हा मी आत्ता तुमच्यासमोर फाडतो."

त्यांनी एक कोरा कागद सरकवला आणि पेन पुढे केलं. मावशीने ते घेतलं.

तिला सही करायची होती. यात लपवण्यासारखं काही नाही, तिला मनापासून करायची होती. ओळ बहुधा खरीच होती. शेतातल्या ढालकिड्यांचं भलं होतं. पोरीचं नाव स्वच्छ होत होतं, घरातलं ते बंद दार उघडणार होतं. तिने भाचीकडे पाहिलं. भाची खिडकीबाहेर बघत होती. मावशीने डोळे मिटले आणि वरची खोली शेवटची आठवून पाहिली. काचेवरचं ऊन दिसलं. परागाच्या पुड्या दिसल्या. कुंचला डावीकडे जाताना दिसला. तो कुठून आला होता ते दिसलं नाही.

तिने पेन खाली ठेवलं.

"साहेब, मला माहीत नाही."

"अंदाजाने तरी?"

"अंदाज तुमचाच माझा. पण मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असं लिहू कसं?" ती भाचीकडे वळली, आणि फाटकाच्या आत चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाईंचं नुकसान माझ्यामुळे झालंय. ते भरून काढायला माझ्याजवळ एवढी एकच ओळ आहे, हे कळतंय मला. पण मला माहीत नाही."

भाची खिडकीपासून वळली, टेबलाशी आली आणि मावशीसमोरचा कोरा कागद तिने आपल्याकडे ओढला. उभ्या उभ्याच तिने लिहिलं. पहिली चाचणी बाद धरावी. राखीव डबा पहिल्या दिवशी खोलीबाहेर नेण्याची जबाबदारी माझी होती, तो मी ठेवून घेतला. बदलल्या गेलेल्या एकोणतीस अळ्या कोणत्या ट्रेमधल्या होत्या, हे सांगता येत नाही. खाली सही केली. मग साहेबांनी बाहेर काढलेला तो दुसरा कागद तिने स्वतः उचलला, फाईलमध्ये परत लावला आणि फाईलची नाडी बांधली.

"बाई, नीट विचार करा," साहेब म्हणाले.

"केलाय, साहेब." ती मावशीकडे वळली. "चल मावशी. दोन्ही ट्रे धुवायचे आहेत."

मावशी उठली, आणि भाचीने तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं.